गजभियेकाकांची दाद

दाढ उपटून घेताना डॉक्टरला दाद देणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. नागपुरातल्या सदर भागातल्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टरने पक्कड लावली, मनगटाला एक झटका दिला आणि दाढ बाहेर. तोंडात कापसाचा बोळा असताना गजभियेकाका खुर्चीतून अर्धे उठले आणि ओरडले, "जियो बाप्पा! काय हात हाय!" बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी ती आरोळी ऐकून चपला घातल्या आणि घर गाठलं.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. उभा जन्म टर्बाइनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा तिसऱ्या मजल्यापर्यंत जातं. त्यात गाण्याचं वेड. नागपुरात कुठेही तंबोरा जुळत असला की काका पहिल्या रांगेत. गवयाने समेवर यावं आणि काकांनी हात उडवून "जियो बाप्पा!" म्हणावं, हे इतकं ठरलेलं की काही गवई सम आली की आधी काकांकडेच बघतात. पण ही दाद गाण्यापुरती थांबत नाही. अरुंद गल्लीत ट्रक रिव्हर्स घेणारा ड्रायव्हर, पोह्यांवर झणझणीत रश्श्याची तर्री ओतणारा गाडीवाला, भर सभेत काकांनाच गप्प करणारा सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना सारखाच "जियो". एका शोकसभेत भाषण इतकं रंगलं की काकांच्या तोंडून ते गेलंच. गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाने मागे वळून पाहिलं आणि नाइलाजाने हात जोडले.

"दाद म्हंजे भजं हाय गा," ते मला सांगतात. "गरम हाय तवाच द्या लागते. थंडं झाल्यावर कोण खाते?"

आता अशा माणसाच्या बायकोने नेमकं असं गाणं निवडावं, जिथे ऐकणाऱ्याने हूं की चूं करायचं नाही, याला काय म्हणावं?

शीलाकाकू शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. बुद्धविहारात त्या वंदना घेतात तेव्हा मागच्या बायका आपोआप सुरात येतात. सदरला रॉड्रिक्स सरांचा क्वायर आहे, म्हणजे सगळ्या जातिधर्मांच्या हौशी लोकांचा समूहगानाचा गट. मी त्यात आधीपासून होतो. माझ्या गुणांमुळे नव्हे. टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, नागपुरात शोधून मिळत नाही म्हणून. मीच काकूंना तिथे नेलं. हिवाळ्यातल्या शास्त्रीय संगीत महोत्सवात यंदा सरांना अर्धा तास मिळाला होता आणि त्यांनी एक कँटाटा बसवायला घेतला होता. हा कँटाटा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची, चर्चमध्ये गायची, जर्मन भाषेतली लांबलचक प्रार्थना. तीत चार आवाज चार वेगळ्या ओळी एकदम गातात. वरच्या आवाजातल्या बायका चाल गातात आणि लोक तीच घरी घेऊन जातात. काकू होत्या आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. ही ओळ वरणातल्या हिंगासारखी. तिच्यामुळे सगळ्याला चव येते, पण तिची वेगळी चौकशी कोणी करत नाही.

एका रविवारी काका स्कूटरवरून काकूंना सोडायला आले आणि तालीम ऐकत मागच्या बाकावर बसले. तिथेच घोळ झाला. एका जागी खालच्या आवाजाचे पुरुष एकटे सुरुवात करतात, मग तीच ओळ आम्ही टेनर उचलतो, मग आल्टो, मग वरच्या बायका. काका बाकाच्या कडेवर आले. "आला! आला! अरे, यानंबी पकडलं!" आमचा ताल सुटला. कसाबसा सावरला. पुढे सगळे आवाज एकदम थांबतात आणि क्षणभर नुसती शांतता असते. सर डोळे मिटून ती शांतता ऐकत होते.

"जियो बाप्पा!"

सरांनी हात खाली घेतले. "काका, ये प्रार्थना है. देवासमोर गातोय आपण."

"मंग तुमच्या देवालेच तं म्हणलो मी!"

त्याच दिवशी फर्मान निघालं: महोत्सवात गजभियेकाका हॉलच्या बाहेर. काका हसून "बरं बाप्पा" म्हणाले. घरी आल्यावर काकूंनी मात्र मला जिन्यात थांबवलं. "जिंदगीत पहिल्यांदा स्टेजवर उभी राहून राहिली मी. हे आले तं सगळ्याइचं गाणं बिघडवतील. नाही आले तं मी गाऊन राहिली कोणासाठी?"

मग मी सरांच्या हातापाया पडलो. काकांना गप्प ठेवायची जबाबदारी माझी, यावर ते कसेबसे तयार झाले. शेवटची रांग, दाराजवळची खुर्ची, आणि तोंडातून ब्र निघाला तर बाहेर.

सराव आम्ही तर्री-पोह्याच्या गाडीवर सुरू केला. गाडीवाल्याने तर्री ओतली. काकांचा हात वर गेला. मी तो धरून खाली आणला. काका मुकाट्याने घास गिळत राहिले. गाडीवाल्याचा चेहरा पडला. "काका, मीठ कमी झालं काय? दुसरी प्लेट देऊ?" न्हाव्याकडे तर कहर झाला. दाढी संपली आणि काका नुसते उठून उभे राहिले. न्हाव्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कोणाले बरं नाही काय?" काकांचे हाल बघवत नव्हते.

"हे प्रोग्राम होऊन जाऊ दे गा लवकर," ते म्हणाले. "पोट फुगलं माहं."

"काका, जमेल ना?"

"जमवा लागते. तिनं आजवर मले काहीच मांगतलं नाही."

महोत्सवाच्या संध्याकाळी आमच्या आधी एक गवई गाऊन गेले. हॉलभर वाहवा चालली होती आणि काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. खबरदारी म्हणून त्यांनी तिथपासूनच मौन धरलं होतं. मग आम्ही काळे कपडे घालून, काळ्या फाइली घेऊन उभे राहिलो. स्टेजवरून मला काकांचे डोळे तेवढे दिसत होते. वर माकडटोपी आणि खाली तोंडाला मफलरचे वेढे.

ती क्षणभराची शांतता आली तेव्हा मी काकांकडे पाहिलं आणि माझाच पुढचा सूर चुकता चुकता राहिला. मफलर हलला, आवाज काही आला नाही. पण तो भाग संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका सूटवाल्या गृहस्थांनी "वाह" म्हणत टाळ्या सुरू केल्या. तशी शेवटच्या रांगेतून "शूऽऽऽ" ऐकू आलं. काका उभे राहून, मफलरवर बोट ठेवून, अख्ख्या हॉलकडे डोळे वटारत होते. सरांची प्रेक्षकांकडे पाठ होती. त्यांचं हसू फक्त आम्हाला दिसलं.

शेवटी सगळे मिळून एक साधी, संथ प्रार्थना गातात. ती झाली आणि टाळ्या पडल्या.

स्टेजमागे एकच गर्दी उसळली. ज्याचे त्याचे नातेवाईक ती चाल गुणगुणत आले, वरच्या आवाजातल्या मुलींचे फोटो निघाले. आल्टोकडे कोणी फिरकलं नाही. काकू फाइल छातीशी धरून दाराकडे बघत होत्या. काका आले. मफलर सैल केला.

"कसं झालं?" काकूंनी विचारलं.

"चांगलं झालं," काका म्हणाले. "चल वं, थंडी हाय."

बस, एवढंच! काकूंचा चेहरा पाहून मला काकांचा सणसणीत राग आला. तर्रीवाल्याला जियो, ट्रकवाल्याला जियो, आणि ही बाई एवढी खपली तिला 'चांगलं झालं'! काकू फाइल पिशवीत कोंबून पार्किंगकडे चालू लागल्या.

काकांनी स्कूटर बाहेर काढली आणि आरसा पुसता पुसता गुणगुणायला लागले. तीच शेवटची प्रार्थना, पण सूर भलतेच. चाल वर जाते तिथे हे आपले एकाच सुरावर उभे. चाल खाली येते तिथे हे जरासे सरकून पुन्हा जागेवर. एवढा कानाचा पक्का माणूस इतका कसा चुकतो, मला कळेना. मग ध्यानात आलं. ते चाल गातच नव्हते. ती आल्टोची ओळ होती. एकटी म्हटली तर गाणंसुद्धा वाटू नये अशी. काकू स्वयंपाकघरात घोकत असतील तेव्हापासून त्यांनी ती कानात धरली असणार, आणि आज एवढ्या आवाजांमधून त्यांनी तेवढीच ऐकली होती.

शाल पांघरता पांघरता काकू थांबल्या होत्या. गाता गाता काकांची एक जागा चुकली.

"तिथं वर जा लागते," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

काकूंनी गाऊन दाखवलं. काकांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली आणि दोघं पहिल्यापासून म्हणू लागले.