सांध्यांना पाजणारे रघुनाथराव

माझ्या घरातलं एकही दार वाजत नाही. कोण आलं, कोण गेलं, काही म्हणता काही कळत नाही. कारण शेजारचे रघुनाथराव. एकदा लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून आले आणि जाता जाता बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या, इतकंच काय, माझ्या शिलाई मशीनलाही ग्रीस फासून गेले. मशीनला तेल घालतात हो, ग्रीस नाही! पुढं कितीतरी दिवस मी शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजवर काळा ठिपका. विचारलं तर म्हणे, "वहिनी, सांधा आहे म्हणजे तो पिणारच. पाजायला नको?"

नाशिक रोडची आमची कॉलनी सगळी रिटायर झालेल्यांची. कोणी भजनाला जातं, कोणी गुडघे बदलून घेतं. हे गृहस्थ मात्र रविवारी सकाळी आपल्या जुनाट गाडीखाली शिरतात, ते जेवायलाच बाहेर येतात.

त्या गाडीच्या पुढच्या चाकांपाशी म्हणे बॉल जॉइंट असतात. आपल्या खुब्यात कशी वाटी आणि गोळा असतो, तसंच. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण रघुनाथरावांच्या शेजारी राहिलं की माहीत होतंच. हल्ली हे सांधे आत ग्रीस भरून, बंद करूनच येतात. खराब झाले की नवे टाकायचे. साऱ्या जगाला हे चालतं, ह्यांना नाही. "लाइफटाइम ग्रीस म्हणे! बाळाला जन्मताच एकदा पाजून कोणी थांबतं का?" असं म्हणून त्यांनी चांगल्या नव्याकोऱ्या सांध्यांना खालून भोकं पाडली, आटे पाडले आणि त्यात निप्पलं बसवली. म्हणजे वाटेल तेव्हा बाहेरून पंपानं ग्रीस भरायचं. गॅरेजवाल्यानं हात जोडले, "काका, लोखंडाचा कीस आत गेला तर सांधा खाऊन टाकेल." ऐकतील तर रघुनाथराव कसले! पहिल्याच दिवशी इतका पंप मारला, की सांध्यावरची रबरी टोपी टरकन फाटली आणि कोपरापर्यंत बरबटून बाहेर आलेले हे गृहस्थ आधाराला टेकले, ते थेट माझ्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर. मी ओरडले, तर म्हणाले, "पोट भरलं हो वहिनी त्याचं!"

हा सगळा उपद्व्याप मालतीसाठी. मालती म्हणजे त्यांची बायको. न्हाणीघरात पडली आणि कमरेच्या मणक्याला लागलं. बसते, घरातल्या घरात चालते, पण गाडीत धक्का बसला की डोळ्यांपुढं अंधारी. माहेर तिचं सुरगाण्याकडं. पडल्यापासून जाणं नाही. "एकदा भावाच्या ओट्यावर बसून नागलीची भाकर खायचीय," एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, "अहो, चांगली मऊ, मोठी गाडी भाड्यानं करा ना!" तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी मालतीला नवरा बदल म्हणाले. "भाड्याच्या गाडीला पाजतं कोण?"

शेवटी दिवाळीनंतर निघालो. मालतीला धरायला मागं मी. इकडून उशी, तिकडून उशी. गाडी अशी चालली, की एक सायकलवाला पुढं गेला आणि वर मागं वळून हसला. तरी प्रत्येक खड्ड्याआधी रघुनाथरावांची घोषणा, "आला, आला... गेला! कळला का? नाही ना? लोणी आहे लोणी!"

न कळायला काय झालं? माझी कवळी हलली! मालतीनं माझा हात असा आवळला, की बांगडी मनगटात रुतली. आणि तोंडानं काय म्हणते? "नाही हो, काहीच कळलं नाही."

दिंडोरी मागं पडली, रस्ता आणखी बिघडला. मालतीच्या कपाळावर घाम. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं. समोरच्या आरशात मला रघुनाथराव दिसत होते. घोषणा कधीच बंद झाल्या होत्या. रस्त्यापेक्षा ते आरशातच जास्त बघत होते.

एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरले, पुढच्या चाकाशी वाकले, उगीच हात फिरवला आणि खिडकीशी आले. "मालती, जमायचं नाही गं. सांधा वाजतोय. निप्पल बसवण्यातच माझं चुकलं बहुतेक. पुढं घाट आहे, रिस्क नको. तुझ्या भावालाच भाकऱ्या घेऊन इकडं बोलावतो."

कान माझे शाबूत आहेत. सांधा हूं की चूं करत नव्हता.

"तरी मी सांगत होते, विका हे डबडं!" मालतीला एकदम कंठ फुटला. "सगळा जन्म त्या चाकांपाशी लोळण्यात घालवला, आणि ऐन वेळी हे! माझा भाऊ तिकडं वाट बघतोय!"

"चुकलंच माझं," रघुनाथराव म्हणाले. इतक्या वर्षांच्या शेजारात हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

मग टपरीवाल्याची खाट मागून त्यांनी ती झाडाखाली टाकली, उशा रचल्या आणि मालतीला दोन्ही हातांवर तोलून अलगद आडवं केलं. ती बोलतच होती. ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. माझा हात मात्र तिनं आता सोडला होता.