ठिपके पुसलेला फोटो

तळेवाडीतल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना कोणत्या लाकडात अंडी घालायची, ते कृषी कचेरीतून फोटो पाहून ठरवून मिळतं. म्हणून एक पोटुशी भुंगेरीण मंदाकिनी खातूंच्या फोटो स्टुडिओत आली.

“मिशा पूर्ण येऊ देत हं, ताई. बहिणीची एक फोटोत कापली गेली, तर तिला कचेरीतून अजून ओळख मिळाली नाही.”

“दोन्ही येतील. तू हलू नकोस बाई.”

फोटो छान आला. फक्त पाठीवर तांबूस ठिपके होते. लग्नाच्या मुलींचे फोटो काढून मंदाकिनीबाईंच्या हाताला सवय झालेली. त्यांनी मुरमं पुसावीत तसे ते कॉम्प्युटरवर एकेक करून पुसले, वर थोडा उजळपणाही दिला.

कचेरीत गवाणकर साहेबांनी फोटोला भिंग लावलं. भुंगेरीण मंदाकिनीबाईंच्या खांद्यावर बसली होती.

“ठिपके नाहीत. म्हणजे ही सुक्या लाकडातली.”

भुंगेरिणीच्या मिशा ताठ झाल्या. “सुक्या? अहो साहेब, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आंब्यातल्या! ओल्या आंब्याशिवाय माझी पोरं जगायची नाहीत.”

मंदाकिनीबाई पुढे झाल्या. “ठिपके मी पुसले हो, साहेब! पाठीवर बघा ना, ढळढळीत आहेत.”

“भुंगा बघायचा नसतो, ताई. फोटो बघायचा असतो.”

“मग दुसरा काढते.”

“ओळख एकदाच.” साहेबांनी शिक्का मारला.

“ताई,” भुंगेरीण बारीक आवाजात म्हणाली, “मला कळा सुरू झाल्या.”

मंदाकिनीबाईंनी तिला तळहातावर घेतलं. मग त्यांनी विचारलं, “साहेब, लाकूड ओलं की सुकं, हे कशावरून ठरवता?”

“फोटोवरूनच. झाडाझाडापाशी कोण जाणार?”

त्या तशाच घरी धावल्या. परसातल्या आंब्याचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्याची पानं पुसायला बसल्या. सासऱ्यांनी लावलेलं झाड होतं ते. शेवटची फांदी उघडी करून त्यांनी फोटो छापला आणि पुन्हा कचेरी गाठली.

साहेबांनी फोटो पाहिला. “अरेरे, पार वाळलंय. द्या हिला.”

भुंगेरिणीने संध्याकाळच्या आत त्या हिरव्यागार झाडाची साल कुरतडून अंडी घातली. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून बघत होत्या. मिस्टर चहा घेऊन परसात आले, तेव्हा बाईंनी त्यांना सगळं सांगितलं.

“आपल्या आंब्यात?” मिस्टरांनी बशी खाली ठेवली. “अगं, कागदावर झाड सुकं. आता आंबे आले तर?”

“येतील की.”

वैशाखात त्या सुक्या लाकडाला भरपूर आंबे लागले. मंदाकिनीबाईंनी शेजारीपाजारी वाटले. झाडाचा फोटो मात्र कुणालाच काढू दिला नाही.