अण्णांचा परागबंदोबस्त

गुलाल लावलेली मधमाशी तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. अण्णा गायधनींनी सकाळी मधली भिंत ओलांडून शेजारच्या गच्चीतली कपाशीची फुलं गुलालाने माखली आणि मग स्वतःच्या अंगणात देवकापसाखाली स्टूल टाकून बसले. तासाभरात एक माशी गुलाबी पाय घेऊन तिथं उतरली. अण्णा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "रिजेक्ट."

सातपूरच्या एका कारखान्यात हे आयुष्यभर फायनल इन्स्पेक्शनला होते. नोकरी संपली, पण मापं घ्यायचा व्हर्निअर खिशातच राहिला. शेवग्याच्या शेंगासुद्धा ते त्याने मापून घेत. माझ्या मुलीला पाहायला आलेला मुलगा पायऱ्या उतरत होता, तर हे कुंपणावरून मला म्हणाले, "डावा खांदा दोन एमएम खाली आहे." लग्न झालं, पण जावई आला की माझी नजर अजून आधी खांद्यावर जाते.

बीटी कपाशी तेव्हा नवीनच आली होती. शेजारचा बोरसे मालेगावकडचा, बियाणं विकणारा. गिऱ्हाइकांना दाखवायला त्याने गच्चीत कुंड्या भरून बीटी लावली होती. इकडे अण्णांच्या देवकापसाच्या वाती त्यांच्या बायको सुमनकाकू वळायच्या आणि त्या पंचवटीत अण्णांच्या भावाकडे देवापुढे जळायच्या. त्याच वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. वाचल्या, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून राहायला लागला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला आणि बजावलं, बोटं आत्ता हलवली नाहीत तर कायमची गेली. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणत काकूंनी चेंडू सोफ्याखाली लोटला.

अशा वेळी माणूस बायकोपाशी बसेल. आमचे अण्णा परागकणांशी लढायला निघाले. झाडाला मच्छरदाणी बांधली. कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला की दोन कपाशींमधलं अंतर अपुरं आहे, तरी बोरसेंनी घर सरकवावं. अध्यक्षांनी चहा मागवला.

"काय भानगड शे, अण्णा?" बोरसे हसत विचारायचा.

"तुमचा पराग माझ्या बायकोच्या वातीत घुसतोय."

"मग दिवा काय इंग्रजीत जळंल का?"

शेवटी अण्णांनी दोऱ्याचा उपाय काढला. उद्या उमलणाऱ्या कळीचं तोंड आजच दोऱ्याने बांधायचं, म्हणजे परका पराग आत जातच नाही. पण स्वतःची बोटं जाड, म्हणून रोज दुपारी काकूंना खुर्चीसकट झाडाखाली आणायचं. काकू डाव्या हाताने कळी धरायच्या आणि उजव्याने दोऱ्याशी झटायच्या. घामाघूम व्हायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आजारी बाईला राबवतो मेला. मीही माझ्याकडून दोन वाक्यं जोडायचो.

एक दिवस बोरसेने मला खरं काय ते सांगितलं. देवकापूस जुन्या देशी जातीचा, बीटी अमेरिकन जातीची. रंगसूत्रंच जुळत नाहीत. "घोडा आन् म्हैस हो. हजार माश्या आल्या तरी संकर व्हायचा नाय."

असली बातमी उद्यापर्यंत कोण ठेवतो? मी तडक अण्णांकडे गेलो. "अण्णा, तुमचा सगळा बंदोबस्त फुकट."

अण्णांनी माझं कोपर धरून मला पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"हळू बोला. कृषी खात्यातल्या माणसानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंय हे."

"मग तो गुलाल?"

"ती चेंडू दाबत नाही हो. काय काय करून पाहिलं. देवाची वात बाटेल म्हटल्यावर अंगठा हलला तिचा." ते थोडा वेळ टाकीचा नळ घट्ट करत राहिले. नळ गळत नव्हता. "बोरसेला म्हणावं, कुंड्या काढू नको एवढ्यात. मी नाही सांगू शकत. मी भांडतोय ना त्याच्याशी."

मी जाऊन सांगितलं. बोरसे चप्पल घालून सरळ अण्णांच्या फाटकात उभा राहिला.

"काकू, आज माश्या लय हायेत माझ्याकडं."

"मग उभे काय राहिलात?" काकू कडाडल्या. "तुमच्यापायी चाललंय हे सगळं. फांदी वाकवा."

बोरसेने फांदी वाकवली. काकूंनी दोन बोटांत दोरा धरला, कळीभोवती फिरवला, ओढला. गाठ सुटली, दोरा खाली पडला. अण्णा उचलायला वाकले, तसा काकूंनी त्यांचा हात बाजूला सारला. उजव्या हाताने.