वाढप्याला वाट

आमच्या इंदूमावशी नवा फ्लॅट बघायला जाताना पिशवीत पत्रावळी घेऊन जातात. टेप नाही, पत्रावळी. दार उघडलं की चपला बाहेर, पदर खोचलेला, आणि भिंतीच्या कडेने एकेक पत्रावळ मांडायला सुरुवात.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका नव्या स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये तिथले साहेब सांगत होते, "मावशी, तीनशे दहा कार्पेट. सहा माणसांची फॅमिली आरामात." मावशींनी सहा पत्रावळी मांडल्या आणि सहावीपुढे साहेबांनाच बसवलं. मांडी घालताच त्यांची पाठ फ्रीजला टेकली.

"पाचच पानांची खोली हाय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बसले, तर वाढप्याला वाट कुठंय?"

त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी येणाऱ्या लोकांच्या पंगती त्यांनी तीस वर्षं वाढल्या. आता त्या नाशकात असतात. सरकारी सोडतीत एक खोली लागली, तिथूनच आमच्या कंपनीत डबे देतात. चौरस फूट त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत. माझ्याही नाहीत, मी सातवीतून शाळा सोडलेली. पण मी गप्प बसते, मावशी बसत नाहीत. बाल्कनी दाखवली की म्हणतात, "इथं दोन पानं. पावसाळ्यात उपास." बेडरूममध्येही दोन, "तीबी नवराबायको बोलत असतील तर."

कोणी खोली शोधतंय असं कानावर आलं की मावशी बरोबर निघतात. माझ्याही बरोबर निघाल्या.

मी किनवटकडची. नवरा आणि मी इथं नाशकातल्या अंबडला एका खोलीत राहत होतो, मधे पडदा, पडद्यापलीकडे दुसरं जोडपं. आमची परी गावाकडे माझ्या आईजवळ. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं, म्हणजे त्याआधी खोली हवी होती. नव्या इमारतींच्या पाटीवर 'परवडणारी घरं' लिहिलेलं असतं. आत भाडं विचारलं की सात हजार, डिपॉझिट वेगळं, मेंटेनन्स वेगळा. आमची उडी पाच हजारांपर्यंत.

पाच हजारांच्या आसपास तीन खोल्या मिळाल्या. मावशींनी तिन्ही नापास केल्या. एकीत नळाखाली कळशी बसत नव्हती, उरलेल्या दोन्हींत वाढपी अडकत होता. मला झोप लागेना. पण नाशकात नवी आले तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनीच मला जेवू घातलं होतं, पैशाचं नाव काढलं नव्हतं. त्यांना नाही म्हणायची माझी छाती होईना.

चौथी खोली मे महिन्याच्या शेवटी मिळाली. घरमालक काका साडेपाच हजार म्हणत होते. मावशींनी पानं मांडली.

"चार. तुम्ही तिघं. दोन पाहुणे आले की झालं, वाढपी दाराबाहेर."

"मावशी," मी म्हणाले, "पाहुणा नाही आला तरी चालेल. माझं लेकरू आलं पाहिजे."

मावशींनी चौथी पत्रावळ जरा पुढे ओढली. मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "काका, जरा बसा इथं."

"अहो, गुडघे दुखतात माझे."

"चार पानांच्या खोलीला साडेपाच हजार मागताना नाय दुखले?"

जिन्यात शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. काका उभ्या उभ्याच पाच हजारांवर आले. मावशी पत्रावळी गोळा करताना मला हळूच म्हणाल्या, "मी आपली पाहुण्यांचंच बघत बसते. चुकलंच माझं."

परी आली. शाळेचा फॉर्म आणला, आणि मी त्याच्यापुढे अडकून बसले. मुलीला शाळेतून घ्यायला कोण येणार, तिथे नाव आणि नातं लिहायचं होतं. शाळा साडेबाराला सुटणार, आम्ही दोघं पाचपर्यंत कंपनीत. खोलीच्या नादात हे कोणाशी बोलायचंच राहून गेलं होतं.

मावशी परीसाठी लाडू घेऊन आल्या होत्या. फॉर्म त्यांनी लांब धरून वाचला.

"डबे पोचले की बाराच्या आत मी मोकळी," त्या म्हणाल्या. "मंग दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायला माणूस नाय. माझं नाव टाक."

मी सावकाश त्यांचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहिलं. त्या वाकून बघत होत्या.

"मावशी मी तुझी. पोरीची कशी होईन?" त्यांनी माझ्या पेनावर बोट ठेवलं. "खोड ते. आजी लिही. नीट अक्षरात लिही, शाळावाल्यांना वाचता आलं पाहिजे."