महाराणीची शेपटी

आधीच सांगून ठेवतो, अक्षरांच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! फॉन्ट बनवणं हा माझा धंदा, आणि 'महाराणी' हा फॉन्ट म्हणजे माझा जीव की प्राण. बोरूनं लिहिल्यासारखी डौलदार अक्षरं, जाड रेघ हलकेच बारीक होत गेलेली, आणि ओळीतल्या शेवटच्या अक्षराला आपोआप येणारी लांबलचक, वळणदार शेपटी! मानपत्रं, निमंत्रणं, मोठ्या पाट्या, अशा थाटामाटाच्या कामांसाठीच तिचा जन्म. किराण्याची यादी महाराणीत करायची नाही.

ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, दातांचा दवाखाना काढला, तेव्हा पाटीचं काम मी हिसकावूनच घेतलं.

"साधी पाटी चालेल रे," दाजी म्हणाले. "उद्घाटनाला आमचे कॉलेजचे सर येणार आहेत. भर वर्गात म्हणाले होते, तुझ्याकडे पेशंट चुकूनसुद्धा येणार नाही! त्यांना दवाखाना भरलेला दिसला पाहिजे, बस्स. म्हणून तर पहिल्या दिवशी तपासणी फुकट ठेवलीय."

"सर पाटीखालीच खिळून उभे राहतील, दाजी!"

"त्यांना कमी दिसतं. अक्षरं मोठी कर."

केली. दुप्पट केली! आता अक्षरं दुप्पट झाली की शेपटीही दुप्पट होणार, हे कोणाच्याही लक्षात येईल. माझ्या नाही आलं. पत्र्यातून अक्षरं कापणाऱ्या पाटीवाल्याचा फोन आला.

"साहेब, 'दवाखाना'तला शेवटचा काना तुमची भिंत सोडून शेजारच्या टेलरच्या दारावर चाललाय. कापू का?"

"खबरदार! महाराणीचा पदर कापतात का?"

टेलरकाकांना मीच पटवलं. "काका, फुकटात दाराला शोभा!" काका खूश. उद्घाटनाच्या सकाळी पाटी चढली आणि काय सांगू, ऊन पडताच ती सोनेरी अक्षरं अशी झळकली की माझे डोळे भरून आले! शेवटचा काना झोकात खाली झेपावला होता आणि टेलरच्या चौकटीशी एक गिरकी घेऊन त्याचं टोक आत वळलं होतं.

दाजी पांढरा कोट चढवून आत बसले. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून लोक वर बघतात का ते बघत होतो. बघत होते! अहो, पहिल्या अक्षरापासून शेपटीच्या टोकापर्यंत नजर नेत होते, आणि टोकाखालच्या दारातून आत शिरत होते!

"अरे, एकही पेशंट कसा नाही?" दाजींनी रडवेल्या आवाजात दारातून विचारलं.

मी धावत टेलरकडे गेलो. बाकावर गाल धरलेली माणसं दाटीवाटीनं बसलेली! पुढे एक आजी तोंडाचा आ करून, आणि गळ्यात टेप अडकवलेले काका घामाघूम.

"आजी, माप कशाचं घेऊ?"

"उजवीकडची दाढ!"

मी काही बोलणार तेवढ्यात मागून सर आले. पाटीवर नजर, शेपटीवर नजर, आणि सरळ आत! बाकावरची गर्दी बघून ते हरखलेच.

"शाब्बास! मी चुकलो, मान्य करतो!"

समोर टेलरकाकू आणि एक बाई लाल रेशमी कापड दोन टोकांना ताणून मोजत उभ्या होत्या.

"रिबन तयारच आहे की! कात्री?"

टेलरच्या दुकानात कात्रीला काय तोटा!

"सर, नको!" मी किंचाळलो.

खच्च!

पेशंटांनी गाल सोडून टाळ्या वाजवल्या. बाईंनी जो टाहो फोडला, तो ऐकून दाजी हातात चिमटा घेऊन धावत आले.

"ये ये! छान आहे दवाखाना," सर म्हणाले. "पण दात काढायला शिलाई मशीन कशाला रे?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही! मग दाजींच्या मागोमाग आलेल्या ताईनंच सगळा प्रकार सांगितला. सर पोट धरून हसले. "पेशंट चुकून येणार नाहीत म्हणालो होतो. तुझे तर चुकूनच यायचे राहिले!"

ताईनं सगळ्यांना हाकत पलीकडे नेलं. दवाखाना भरला! खुर्चीत पहिले बसले ते सर, आपला हलणारा दात दाखवायला. उठल्यावर दाजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "दात कधी काढलास, कळलंसुद्धा नाही रे!" दाजींचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आपण वाचलो.

दुसऱ्याच दिवशी पाटी उतरली. आता तिथं ठोकळ्यासारखी अक्षरं आहेत. बाईंना नवं रेशीम मी आणून दिलं. शेपटी तेवढी राहिली, कारण तिचे स्क्रू टेलरच्या भिंतीत होते.

आणि काल टेलरकाकांचा फोन आला!

"साहेब, काय सुंदर काम आहे तुमचं! मला अजून एक पाहिजे."

माझी छाती फुगली. शेवटी एका रसिकाला महाराणी कळली! "सांगा काका, दुकानाचं नाव काय लिहू?"

"नाव नको हो, नुसती शेपटी द्या. या एकीवर दोनच कोट मावतात. पँटी कुठं टांगू?"

करून देतोय. जरा जाड रेघेची, म्हणजे पँटी घसरणार नाहीत.