प्रिंटरच्या तक्रारीत दडवलेली युनियन

चारचौघांत एखादी गोष्ट लपवावी कशी, हे माझ्याकडून शिकावं! निदान गेल्या आठवड्यापर्यंत माझं स्वतःबद्दल असंच मत होतं.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या कंपन्यांतले रुसलेले कॉम्प्युटर फोनवरून समजूत घालून चालू करते. दिवसभर कानाला हेडफोन. लघवीला उठलं तरी पडद्यावरचं घड्याळ ते मोजतं, आणि उद्याची कामाची पाळी कोणती ते आज संध्याकाळी कळतं. आमच्यातल्या सर्वांत जुन्या म्हणजे ताई. मुलाच्या ऑपरेशनच्या दिवशीच त्यांना सकाळची पाळी लागली, आणि सुट्टी मागितली तर माणसं कमी आहेत असं उत्तर मिळालं. ताई आल्या, निमूटपणे फोन घेतले आणि जेवताना म्हणाल्या, "आता युनियन काढायची."

ताईंचं खरं होतं, त्यात वादच नाही. पण बायकोनं परीक्षेच्या अभ्यासासाठी नोकरी सोडलेली, घरात कमावता मी एकटा, आणि मला टीम लीड करायचं आमच्या मजल्याच्या मॅनेजर मॅडमच्या मनात घोळत होतं. म्हणून मी ताईंना सांगितलं की मनानं मी तुमच्याबरोबर आहे, आणि मॅडमना सांगितलं की कुजबुज वगैरे काही नाही. घरी बायकोनं विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूचा? मी म्हणालो, परिस्थिती बघून ठरवू. "म्हणजे कुणाच्याच नाही," असं म्हणून तिनं पुस्तक उघडलं.

प्रश्न होता बोलायचं कुठे. फोनवरच्या ग्रुपात कुणी घरभेदी निघाला तर? तेव्हा मला युक्ती सुचली. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक तक्रारीचं कॉम्प्युटरवर एक तिकीट निघतं आणि त्याखाली सगळ्यांना लिहिता येतं. मी माझ्या नावानं तिकीट काढलं: 'तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर कागद खातो.' प्रिंटरची तक्रार आजवर कुणी उघडून पाहिली आहे?

कानोकान निरोप गेला आणि त्याखाली अख्खा मजला लिहू लागला. पाळ्या आधी कळाव्यात, आजारपणाची सुट्टी मिळावी. आमच्यातल्या शंकासुरानं लिहिलं, युनियन केली तर गिऱ्हाईकं काम दुसरीकडे नेतील आणि आपण रस्त्यावर येऊ. ताईंनी उत्तर दिलं, आत्ताही आपण रस्त्यावरच आहोत, फक्त एकेकटे. ते वाचून मला भरून आलं. मी लिहिलं, 'विचार उत्तम आहे. माझं नाव मात्र कुठे येऊ नये.' हे माझंच नाव असलेल्या तिकिटावर!

आता, न सुटलेलं तिकीट काही दिवसांनी लाल होतं आणि मग तासाभरात आपोआप वरिष्ठांकडे जातं. हा नियम आम्ही गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. स्वतःच्या बाबतीत तो एकालाही आठवला नाही. एका सकाळी पाहतो तर प्रिंटर लालभडक! लाल तिकिटाचं आम्ही सगळे नेहमी जे करतो तेच मी केलं. 'प्रश्न सुटला' हे बटण दाबलं आणि तिकीट बंद करून टाकलं.

सुटकेचा श्वास पुरता सोडलाही नव्हता, तोच मजल्यावरचे सगळे कॉम्प्युटर एकदम किणकिणले. तिकीट बंद झालं की त्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आणि मॅडमना निरोप जातो: आपला प्रश्न सुटला आहे, आपण समाधानी आहात का? खाली सगळा मजकूर जसाच्या तसा. सोडवणाऱ्याचं नाव: मी.

हेडफोन काढून सगळे माझ्याकडे बघत होते. ताई उठून जवळ आल्या. "प्रश्न सुटला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या मुलाला जाऊन सांगू का तसं?"

मला खरोखर लाज वाटली. तेवढ्यात मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. गेली नोकरी! बायकोला कोणत्या शब्दांत सांगायचं ते जुळवतच मी आत गेलो.

मॅडमनी दार लावून घेतलं. डोळे लाल होते. म्हणाल्या, अक्षरन् अक्षर वाचलं. मग टेबलावरचं पेन बाजूला सरकवलं.

"माझी कामाची पाळी मलाही आदल्या संध्याकाळीच कळते," त्या म्हणाल्या. "तिकीट तुमचं आहे म्हणून विचारते. मला युनियनमध्ये घ्याल का?"

"घेतो की!" मी छाती फुगवून म्हणालो. अध्यक्षच जणू!

बाहेर येऊन मी सगळ्यांना ही बातमी दिली. मॅडमच्या नावाला एकानंही हरकत घेतली नाही. शंकासुरानंसुद्धा नाही. मग मी ताईंच्या टेबलाशी जाऊन खालच्या आवाजात विचारलं, "आणि ताई, मला?"

ताईंनी हेडफोन कानाला लावला. "तुमचं बघू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारावं लागेल."

अजून विचारताहेत.