महादेवबाबना शुक्रवारपर्यंत जगवणे

आंबेखोलच्या बाजारात सगुण गावस छाती पुढे काढून सांगत सुटला होता, की यंदा मिरग लागायच्या आत त्याच्या घरामागची भिंत नगरपालिका बांधणार म्हणजे बांधणार! पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला त्याने सांगितले, न्हाव्याला सांगितले, बांगडे उलटेसुलटे करता करता मासळीवालीलाही सांगितले. विषयपत्रिकेवर विषय आला होता. आता राहिले काय? नगरसेवकांनी हात तेवढे वर करायचे, आणि हात तर त्यांना देवाने दिलेलेच होते.

भिंतीचे प्रकरण जुने. बसस्टँडचा रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेने एकदा घरांच्या मागचा डोंगर कापला. कापलेली माती कुणाकुणाच्या भाटात, माडांच्या बागेत जाऊन पडली ते साऱ्या गावाला ठाऊक होते. उरलेला डोंगर मात्र दोनच घरांच्या डोक्यावर आला. एक सगुणचे आणि दुसरे शेजारच्या महादेवबाबचे. डोंगराला टेकू म्हणून चिऱ्यांची एक भिंत रचून दिली होती, तिला आता पोट आले होते आणि ते दर पावसाळ्यात वाढत होते. गेल्या आषाढात त्या पोटातले चिरे सुटून सगुणचे न्हाणीघर फोडून आत आले. त्याची बायको विमला तेव्हा नुकतीच अंघोळ करून बाहेर पडली होती. त्या दिवसापासून पाऊस लागला की ती मागे वळून बघत बघत भाकऱ्या थापायची. सगुण हे बाजारात सांगत नसे. मागे काही खुट्ट वाजले तरी आपला जीव गोळा होतो, हे तर त्याने विमलालाही सांगितले नव्हते.

आता आंबेखोलच्या नगरपालिकेची एक चाल होती. आजी-माजी नगराध्यक्ष, नगरसेवक किंवा त्यांच्यापैकी कुणाचे जवळचे माणूस वारले, की सभा भरताच दुखवट्याचा ठराव यायचा, सगळे दोन मिनिटे उभे राहायचे आणि सभा तहकूब व्हायची. चहा तेवढा तहकूब होत नसे. चालीत वाईट काही नव्हते, मेलेल्याचा मान राखलाच पाहिजे. पण सगुणचा विषय पत्रिकेवर आला, आणि गावात मान राखण्याजोगी माणसे भराभर मरू लागली.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी एक माजी नगरसेवक गेले. पुढच्या सभेच्या वेळी बाबलीची सासू गेली. हा बाबली सगुणच्याच वॉर्डाचा नगरसेवक. सासू जवळचे माणूस धरायची की नाही यावर सभेत बराच खल झाला. बाबली स्वतः गप्प होता, कारण ती हयात असताना त्याने तिला कधी तसे धरले नव्हते. शेवटी उगाच शंका नको म्हणून सभा तहकूब झाली. त्याच्या पुढच्या खेपेला माजी उपनगराध्यक्ष तिकडे वाळपईला लेकीकडे राहायला गेले आणि तिथे वारले. वाळपईचे मरण आंबेखोलात चालणार नाही अशी सगुणला आशा होती. चालले.

मग मे महिना सरत आला. मुख्याधिकाऱ्यांनी सगुणला बोलावून सांगितले, की आता शुक्रवारची सभा शेवटची. पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागेल, आणि पावसाळा संपेपर्यंत कशालाच हात लावता येणार नाही.

सगुणचे सारे आयुष्य खाणीच्या वजनकाट्यावर गेले होते. लांबून येणारा ट्रक बघून तो किती भरलाय ते सांगायचा. आता त्याच नजरेने तो गावातल्या म्हाताऱ्यांकडे बघत फिरू लागला. नगरसेवकांचे आईबाप त्याने एकेक करून पाहून घेतले. सगळे टणटणीत होते. एकजण तर अजून माडावर चढत होता. धोक्याचे माणूस एकच निघाले, ते नेमके शेजारचे. महादेवबाब.

महादेवबाब म्हणजे माजी नगराध्यक्ष. डोंगर कापला तो त्यांच्याच कारकिर्दीत. त्यामुळे सगुणने त्यांच्याशी कैक वर्षांत अवाक्षर काढले नव्हते, दिवाळीचे पोहेसुद्धा त्या घरी पाठवले नव्हते. आता त्यांची बायको वारली होती, मुलगा मस्कतला होता, आणि स्वयंपाकाची बाई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती परतलीच नव्हती. म्हातारा अंथरुणाला खिळून नुसता खोकत होता. तो खोकला ऐकून सगुणला पूर्वी बरे वाटायचे. आता प्रत्येक उबळीला त्याच्याच छातीत कळ यायला लागली.

संध्याकाळी तो पेजेचे भांडे घेऊन निघाला तेव्हा विमलाने त्याला दारात अडवले.

"ज्येणी डोंगर कापलो, तेंका तुमी पेज भरवतलात?"

"शुक्रवारपर्यंत," सगुण म्हणाला. "मगे तेंचे ते."

महादेवबाबनी भांड्याकडे पाहिले, मग सगुणकडे. "वीख घातलंस?"

"नाय ओ. शुक्रवारी सभा असा."

म्हाताऱ्याला क्षणभर उमजले नाही. मग उमजले, आणि तो असा हसत सुटला की हसता हसता त्याचा श्वासच अडकला. सगुणची पाचावर धारण बसली. भिंत आता इथेच जाते म्हणून तो त्यांची पाठ चोळत बसला.

नगराध्यक्षपद गेल्यापासून महादेवबाबना एवढी किंमत कुणी दिली नव्हती, आणि ती कशी वसूल करायची हे काही ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेज परत केली आणि बांगड्याची उडदमेथी मागितली. सगुण कुरकुरला तेव्हा म्हणाले, मग आपण बुधवारीच जातो. सगुण धावत बाजारात गेला. पुढे उशी बदलून झाली, डिचोलीहून टॅक्सीने डॉक्टर आणून झाला, अंगणातला कोंबडा आरवून त्रास देतो म्हणून तोही दुसरीकडे बांधून झाला. दुपारी सगुण त्यांना पेपर वाचून दाखवायचा, त्यातल्या मरणाच्या बातम्या तेवढ्या गाळून. विमला आधी तोंड फिरवून होती. मग एके दिवशी तिनेच सोलकढी करून दिली, मिरची कमी घालून. सगुणच्याही ध्यानात आले, की आता काही काम नसले तरी आपले पाय त्या घराकडे वळतात. इतकी वर्षे ज्याला शिव्या घातल्या त्याच्याशी बोलायला मजा येते, याची त्याला लाज वाटली. पण मजा येत होती हे खरे.

गुरुवारी संध्याकाळी म्हातारा आपणहून बोलला.

"ती तहकुबीची चाल मीच पाडली रे. डोंगर कापू नका म्हणान लोक सभेक इल्ले. माज्याकडे उत्तर नव्हता. खंयच्यातरी मेंबराचो काको मेल्लो, तो माका आठवलो."

एका काकाच्या मरणावर डोंगर कापला गेला होता, आणि तो डोंगर तेव्हापासून सगुणच्या बायकोच्या पाठीमागे उभा होता.

"फाल्या मी गेलंय तर बोंब मारू नको," महादेवबाब म्हणाले. "आदी तुजी भिंत."

"असा काय बोलतात? तुमी खंय जातात?" सगुण जवळजवळ ओरडलाच. म्हाताऱ्याने मग सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, कढी मागितली. सगुणने उद्या सभा झाली की आणतो म्हणून कबूल केले.

शुक्रवारी उजाडताना तो पेज घेऊन गेला. महादेवबाब डोळे मिटून होते. सगुणने चमचा ओठांना लावला तर पेज गालावरून ओघळून उशीवर आली. त्याने ती पंच्याने पुसली आणि पुन्हा चमचा लावला. मग भांडे खाली ठेवून तो तिथेच बसून राहिला. खरे तर त्याला आधी सभा आठवायला हवी होती. पण सुंगटे आठवली, ती कालच आणली असती तर काय बिघडले असते असे वाटले, आणि तो हमसून रडला.

बराच वेळ तो आला नाही म्हणून विमला बघायला आली. तिने म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली, घरी जाऊन चूल विझवून आली, कारण शेजारी मढे असताना चूल पेटवत नाहीत, आणि येताना दिवा घेऊन आली. तो तिने उशाशी लावला.

"मी बसतंय तेंच्याकडे. तेंका एकटा ठेवूचा नाय. तुमी सभेक जावा."

"विमला, पण..."

"तेणीच सांगल्यानी मा? मगे जावा."

सगुण उपाशीपोटी नगरपालिकेत गेला आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसला. बाबलीने येताच विचारले, महादेवबाब कसे असत? सगुणने सांगितले, बरे असत, निजलेत. नगराध्यक्षा शालिनीबायनी विचारले, खोकला? खोकला थांबला, सगुण म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर निभावले असते. पण थाप म्हणजे फणसाचा चीक, एका बोटाला लागला की दुसऱ्याला लागतोच. त्याच्या तोंडून निघून गेले की काल त्यांनी सुंगटे मागितली, मग हेही निघाले की आज उठून बसले होते, आणि शेवटी, जत्रेला देवळापर्यंत चालत येईन म्हणतात! सारे सभागृह खूश झाले. सगुणच्या पुढ्यात पाव-भाजी आली. ती त्याने न खाता बाबलीकडे सरकवली.

सभा मात्र सुरू झाली आणि चक्क चालली. मासळी बाजारावर नवे पत्रे घालायचे ठरले. मोकाट गुरांचा विषय झाला. बाबलीचे पथदिवे मंजूर झाले. पुढचा विषय भिंत! मुख्याधिकाऱ्यांनी वाचण्यापूर्वी चष्मा पुसायला घेतला, आणि तेवढ्यात बाबली उभा राहिला.

त्याचे म्हणणे असे, की मरणाचे ठराव आपण पुष्कळ केले, एकदा जगण्याचाही करू. महादेवबाब मरणाच्या दारातून परत आले आहेत. मागच्या समारंभाचे पाहुणे आलेच नाहीत, त्यांची शाल आणि नारळ कपाटात तसेच पडून आहेत. घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. आताच जाऊन सत्कार करू, येऊन चहा घेऊ आणि उरलेले विषय संपवू. शालिनीबायना राजकारणात महादेवबाबनीच आणले होते. त्यांचे डोळे भरून आले. सगळे उठले.

सगुणही उठला. आधी भिंतीचा विषय घ्या, म्हणाला, कुणी ऐकले नाही. मग म्हणाला ते निजलेत, उठवू नका. मग म्हणाला ते न्हायला बसलेत. निजलेला माणूस न्हातो कसा हे कुणी विचारले नाही. उलट बाबलीने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना सांगितले, बघा, सेवा करून परत श्रेय नको म्हणतो. अशी माणसे आता मिळत नाहीत.

शाल पुढे, नारळ मागे, त्यामागे सारी नगरपालिका आणि शेवटी सगुण, अशी वरात महादेवबाबच्या अंगणात आली. दार विमलाने उघडले. तिने शाल बघितली, नारळ बघितला, आणि नवऱ्याने तिकडे काय काय सांगून ठेवलेय याची कल्पना नसल्यामुळे खरे ते सांगून टाकले.

"पहाटे गेले."

आत उशाशी दिवा दिसत होता. मग साऱ्यांच्या माना हळूहळू सगुणकडे वळल्या. जत्रेला देवळापर्यंत चालत येणार होते ना?

शालिनीबाय आत गेल्या आणि शाल त्यांनी महादेवबाबच्या अंगावर पांघरली. बाबलीला नारळाचे काय करावे कळेना, तो त्याने उंबऱ्यापाशी ठेवून दिला. मुख्याधिकारी नियमाचे माणूस. ते अंगणात उभे राहून विचार करत होते. निधन पहाटे झाले आहे, म्हणाले, म्हणजे सभा भरली तेव्हाच ती तहकूब व्हायला हवी होती. तेव्हा सकाळपासून जे झाले ते झालेच नाही असे धरावे लागेल.

मासळी बाजाराचे पत्रे उडाले. पथदिवे विझले. मोकाट गुरे पुन्हा मोकाट झाली. नगरसेवकांनी सगुणकडे असे पाहिले, जणू म्हाताऱ्याला त्यानेच मारले होते. सगळे विषय पुढच्या सभेत पहिल्यापासून, मुख्याधिकारी म्हणाले. पुढची सभा पावसाळ्यानंतर. आता सगळे इथेच आहेत तर दुखवट्याचा ठरावही इथेच उरकून घेऊ.

ऊन होते म्हणून सारे घराच्या मागल्या बाजूला सावलीत सरकले. सावली भिंतीची होती. तिच्या पोटाखाली सारी नगरपालिका ओळीने उभी राहिली, हात जोडून, डोळे मिटून. वर कुणी बघितलेच नाही. सगुण चार पावले लांब उभा होता. त्याला सगळी भिंत दिसत होती आणि तिच्याखालची सगळी डोकी दिसत होती. वर्षानुवर्षे तो देवाला एकच गाऱ्हाणे घालत आला होता, भिंत पडू नये. आज पहिल्यांदाच त्याने मनातल्या मनात दुसरे घातले.

बा देवा रवळनाथा, पडायचीच असात तर आताच पडो. सगळे हंयच असत.

वरून मातीचे एक ढेकूळ सुटले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या कॉलरवर पडून फुटले. त्यांनी डोळे न उघडता ते झटकले. सगुण भिंतीकडे बघत राहिला. मग त्याची नजर मागच्या खिडकीतून आत गेली. विमला म्हाताऱ्याच्या उशाशी परत जाऊन बसली होती, वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून त्याला ओंजळीचा आडोसा करून. भिंत आली तर आधी त्याच खोलीवर येणार होती.

सगुणने घाईघाईने गाऱ्हाणे मागे घेतले. दोन्हींतले देवाने कोणते ऐकले, ते कळायला आता पाऊसच लागायचा होता.